जयपुरात जुनं आऊटबोर्ड इंजिन कसं निवडावं

मालवण-हर्णैकडचा माणूस होडीमागे लावायचं जुनं फोरस्ट्रोक आऊटबोर्ड घ्यायला निघाला, की थेट इंजिनाचं झाकण उघडतो. जयपूरकर मराठी गृहस्थाने ही घाई करू नये. त्याने आधी पाणी तपासावं. इंजिन वाईट निघालं तर मिस्त्री सापडतो. तलाव वाईट निघाला तर दाद मागायला उच्च न्यायालयातच जावं लागतं, आणि जयपुरात तेही होऊन गेलेलं आहे.

या शहराशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. सवाई जयसिंहाचे गुरू रत्नाकरभट्ट पुंडरीक मूळचे महाराष्ट्रातले. टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राटही महाराष्ट्रीयच. जयसिंहाने दगडी यंत्रं उभारून आकाश मोजलं ते अशा पंडितांच्या साथीने. होडीला इंजिन लावायचा प्रश्न त्यांच्यापुढे आला नसावा. तो एकविसाव्या शतकातल्या इच्छुकापुढे येतो. त्याचा मेहुणा तारकर्लीला पर्यटकांच्या बोटी चालवतो आणि हंगाम संपल्यावर फोन करून सांगतो, ‘‘एक इंजिन आसा, एकदम टकाटक. तुका म्हणान कमी लावतंय.’’

इथून पुढे इच्छुकाने शांतपणे क्रमाने जावं.

शहराच्या हद्दीतलं सर्वांत देखणं पाणी म्हणजे मानसागर, मधोमध जलमहाल. काठावर उभं राहून फोटो काढता येतो, कणीस खाता येतं. महालात मात्र पर्यटकाला प्रवेश नाही, आणि आपलं स्वतःचं इंजिन घेऊन तिथे उतरणाऱ्याचं स्वागत कसं होईल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. द्रव्यवती नदी हा दुसरा पर्याय. जुना अमानीशाह नाला सुमारे 47 किलोमीटर लांबीत बांधून काढून 2018 साली तिचं लोकार्पण झालं. काठाने चालायला वाट आहे, झाडं आहेत. पण होडीच्या पंख्याला खोली लागते आणि होडीतल्या माणसाला नाकाची सोय लागते, तेव्हा ही नदी सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठीच ठेवावी.

काहींच्या मनात तिसरा पर्याय येतो: रस्ते. 14 ऑगस्ट 2020 रोजी जयपुरात असा पाऊस कोसळला की वाहून आलेल्या मातीत मोटारी गाडल्या गेल्या. त्या दिवशी आऊटबोर्ड जवळ असायला हवं होतं असं वाटणं स्वाभाविक आहे. परंतु इंजिनाला थंड ठेवणारं पाणी खालच्या जाळीतून आत ओढलं जातं आणि गाळ ओढला की रबरी इंपेलर संपतो. शिवाय वर्षातल्या एका दुपारसाठी एवढा खर्च घरात समजावून सांगणं कठीण.

राहता राहिला रामगढ. शहरापासून तीसेक किलोमीटरवरचा हा तलाव माधोसिंह दुसरे यांच्या काळात बांधला गेला आणि त्याने पुढे कित्येक दशकं जयपूरला पाणी पाजलं. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती इथेच झाल्या. दिल्लीत स्पर्धा आणि होड्या राजस्थानात, इतकी या पाण्याची पत होती. मग पाणलोटात बांध पडले, अतिक्रमणं झाली, प्रवाह अडले आणि तळ उघडा पडला. 2011 साली राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ऑगस्ट 2025 मध्ये ड्रोनने ढगांत बीजारोपण करून इथे पाऊस पाडायचं ठरलं. प्रयोग पाहायला अफाट गर्दी लोटली आणि पहिल्या दिवशी ड्रोन नीट उडालंच नाही. गर्दीतल्या मोबाइलांमुळे सिग्नल बिघडला असं कारण सांगण्यात आलं. जिथे पाऊसच उडत्या यंत्राच्या भरवशावर आहे, तिथे पोहत्या यंत्रात पैसे गुंतवणाऱ्याने जरा दमाने घ्यावं.

म्हणजे खरं पाणी दूर आहे. टोंक जिल्ह्यात बनास नदीवर बिसलपूर धरण आहे, पण ते जयपूरकरांच्या पिण्याचं पाणी. तिथे परवानगी विचारल्याशिवाय होडीच काय, पायही बुडवू नये. कोट्याला चंबळ आहे, बाराही महिने पाणी असलेली. मात्र चंबळीचा बराचसा भाग घडियालांच्या अभयारण्यात मोडतो, तेव्हा कोणत्या टप्प्यात काय चालतं हे वनखात्याकडून लेखी घ्यावं. घडियाल कागद पाहत नाही, पण वनरक्षक पाहतो.

आता इंजिन.

आऊटबोर्ड नावाची वस्तू लोकप्रिय केली ती अमेरिकेतल्या ओले एव्हिनरूड याने, 1909 च्या सुमारास. कडक उन्हात प्रेयसीसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला वल्ही मारत गेला आणि परत येईपर्यंत ते वितळलं, अशी दंतकथा आहे. जयपूरच्या मे महिन्यात राहणाऱ्या माणसाला ती खोटी वाटण्याचं कारण नाही. पुढची अनेक दशकं पाण्यावर राज्य होतं टूस्ट्रोकचं: हलकं, उर्मट, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून पिणारं आणि न जळलेलं थोडं पाण्यात सोडणारं. होंडाने 1964 साली आपलं पहिलं फोरस्ट्रोक आऊटबोर्ड आणलं. फोरस्ट्रोक कमी पितं, कमी ओरडतं, ऑइल स्वतःच्या पोटात ठेवतं; तेवढ्याच ताकदीला वजन मात्र जास्त.

हे ‘ऑइल पोटात’ प्रकरण नीट ध्यानात ठेवावं, कारण पहिली परीक्षा त्यावरच आहे. किनाऱ्यावर, विशेषतः केरळात, पेट्रोलवर सुरू करून केरोसिनवर पळवायची टूस्ट्रोक इंजिनं मुबलक आहेत. झाकणाला नवा रंग, नवे स्टिकर लावले की नवख्याला फरक कळत नाही. तेव्हा विक्रेत्याला गोड आवाजात विचारावं, ‘‘ऑइलची डिपस्टिक कुठे आहे?’’ तो टाकीकडे बोट दाखवू लागला तर चहा पिऊन निघावं. डिपस्टिक सापडली तर ती पुसून, पुन्हा घालून, काढून नाकाशी धरावी. पातळी खुणेच्या वर आणि वासाला पेट्रोल असेल, तर इंधन ऑइलात उतरतंय. ‘‘भरपूर ऑइल घातलंय साहेब’’ या उदारपणावर विश्वास ठेवू नये.

यानंतर गुडघ्यावर बसावं. खालच्या गियरपेटीला दोन स्क्रू असतात. त्यातला खालचा किंचित सैल करून चार थेंब बोटावर घ्यावेत. ऑइल काळपट किंवा मधाच्या रंगाचं असेल तर ठीक. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. कोकणातल्या इंजिनाच्या बाबतीत याचं कारण बहुधा पंख्यामागेच सापडतं: नट काढून पंखा बाहेर ओढला की दांड्याभोवती जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला दिसतो, आणि त्याने सील कापलेलं असतं. सील स्वस्त असतं. त्याआधी पाण्याने खाल्लेले गियर स्वस्त नसतात. विक्रेता हा स्क्रू उघडू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

खाऱ्या पाण्यातून आलेलं इंजिन दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुतलं होतं का, हे विचारायची गरज नाही. इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे बळीचे तुकडे पाहावेत. अर्धे झिजलेले असतील तर त्यांनी आपलं काम केलंय. अजिबात झिजलेले नसतील तर एक तर नवे आहेत, नाहीतर कोणीतरी त्यांच्यावर रंग फासून त्यांना निकामी केलंय. जोहरी बाजारात ओळख असल्यास एखाद्या जवाहिऱ्याचं भिंग मागून आणावं. स्पार्क प्लगच्या टोकाला रत्नाइतकंच बारकाईने पाहिलेलं बरं. कॉम्प्रेशन मोजताना आकडा किती आला यापेक्षा सगळ्या सिलिंडरांचा जवळपास सारखा आला का, हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांहून जास्त तफावत दिसली तर घासाघीस थांबवून घरची वाट धरावी.

इंजिन थंड असताना जाऊन धडकावं. ‘‘निघताना फोन करा, मी चालू करून ठेवतो’’ म्हणणारा माणूस प्रेमळ असेल, पण त्याचं इंजिन थंड असताना सुरू होत नसतं. आणि चालू करायचं ते पाण्यातच. कोरडं फिरवलं की इंपेलर काही सेकंदांत भाजून निघतो. जयपुरात यासाठी गच्चीवर मोठं पिंप भरावं, गियरपेटीवरची आडवी पट्टी बुडेपर्यंत. नळाला जे पाणी येतं ते बहुतांशी बिसलपूरचंच. धरणात इंजिन नेता येत नसलं तरी धरण पिंपात आणता येतं. झाकणाखालून पाण्याची बारीक, सलग धार उडायला हवी. धार ठिबकत असेल तर आत मीठ किंवा गाळ बसलाय. पंख्याला हात लावायचा तो इंजिन बंद करून, चावी किंवा सुरक्षेची दोरी काढून, मगच.

दांड्याची लांबी होडीच्या मागच्या फळीवरून ठरते: साधारण 38 सेंटिमीटरची फळी असेल तर आखूड, 51 ची असेल तर लांब. हे फळी मोजून ठरवावं, मेहुण्याला विचारून नव्हे. पेट्रोलकडेही लक्ष हवं. हल्ली पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं मिळतं, ते ओल शोषतं. महिनोन्महिने पडून राहिलेल्या कार्ब्युरेटरात त्याचा चिकटा होतो, आणि जयपुरात इंजिन महिनोन्महिने पडूनच राहणार आहे. ठेवण्यापूर्वी कार्ब्युरेटर रिकामा करावा.

रेल्वेने आणायचं तर टाकी कोरडी हवी. फोरस्ट्रोक आडवं कोणत्या कुशीवर ठेवायचं हे पुस्तिकेत दिलेलं असतं. भलत्या कुशीवर निजवलं तर ऑइल सिलिंडरात उतरतं. हमालाला हे पटवून द्यायला वेळ लागतो, गाडी सुटायला लागत नाही. ब्रॅकेटवरची क्रमांकाची पट्टी पावतीशी जुळते का पाहावं. पट्टी खरवडलेली असेल तर वस्तू चोरीची धरावी. शिवाय 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या होडीची नोंदणी लागते. ‘‘छोटी तर आहे’’ हा युक्तिवाद अधिकाऱ्याने आधी ऐकलेला असतो.

तर निवड कोणती करावी? चाळीस अश्वशक्तीचा मोह टाळावा. कोट्याच्या घाटाच्या पायऱ्या उतरताना इंजिन स्वतःच्याच खांद्यावर येतं, आणि पाच-सहा अश्वशक्तीचं फोरस्ट्रोकही पंचवीस किलोच्या घरात जातं. रामगढ भरेपर्यंत जयपूरला साजेसं एकच: होंडाचं 2.3 अश्वशक्तीचं छोटं इंजिन. चौदा किलोच्या आत वजन, आणि ते हवेवर थंड होतं. पाणी नसलं तरी तापत नाही. चांगल्या अवस्थेत सापडलं तर सोडू नये.