सांडवा नसलेलं बेसिन

बाथरूममधलं बेसिन बदलायचं ठरलं की पहिला बळी जातो तो एका भोकाचा. जुन्या बेसिनच्या काठाखाली चार बोटांवर, करंगळी जाईल न जाईल एवढं ते भोक असतं. प्लंबर त्याला ओव्हरफ्लो म्हणतो. घरातली माणसं त्याला काहीच म्हणत नाहीत, कारण वीस वर्षं रोज त्याच्यासमोर तोंड वेंगाडून दात घासले तरी ते कुणाला दिसलेलं नसतं. बनारसच्या गल्लीतलं घर सोडून पुलापलीकडे रामनगरला फ्लॅट घेतलेल्या गृहस्थाला तर ते मुळीच दिसत नाही. त्याला दिसतो दुकानात दिव्याखाली मांडलेला पांढराशुभ्र वाडगा. ग्रॅनाइटच्या फळीवर नुसता ठेवायचा, शेजारी बगळ्यासारखा मान काढून उभा राहिलेला नळ. वाडग्याला ओव्हरफ्लो नाही हे दुकानदार सांगत नाही, गिऱ्हाईक विचारत नाही. "आजकल यही चल रहा है," एवढं दुकानदार म्हणतो आणि व्यवहार होतो. या वाक्यावर आपल्या देशात अपील चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ते भोक हा बेसिनचा सांडवा आहे, आणि ज्या भाषेत सांडवा हा शब्द आहे त्या भाषेत वाढलेल्या माणसाला तरी हे समजावून सांगावं लागू नये. गावतळ्याला सांडवा असतो, पाझर तलावाला असतो, धरणाला असतो. पाणी किती येईल हे आपल्या हातात नाही आणि आपण कायम जागे नसतो, या दोन गोष्टी ज्यांनी मान्य केल्या त्यांनी सांडवा बांधला. राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, आणि त्यातले किती उघडले याच्यावर अख्खं कोल्हापूर दिवसभर कान ठेवून असतं. बेसिनचं भोक म्हणजे तोच आठवा दरवाजा. त्याला बटण नाही, वीज नाही, ऑपरेटर नाही, त्याची वार्षिक देखभाल कुणी कंत्राटावर घेतलेली नाही. पाणी तिथपर्यंत चढलं की मुकाट्यानं बेसिनच्या पोटातल्या पोकळीतून खाली वेस्टमध्ये, म्हणजे पाणी बाहेर नेणाऱ्या तोंडात, जातं. शंभरेक वर्षं न बोलता काम करणारी अशी वस्तू आपल्याकडे टिकणं अवघडच होतं.

बरं, हे सांडवा बुजवणं कुठे चाललंय? तर काशीच्या पलीकडच्या तीरावर. काशीत राजघाटाला गंगेची पातळी मोजतात. तिथे ७०.२६२ मीटरला इशारा आणि ७१.२६२ मीटरला धोका. बरोबर एक मीटरची सवड. कोल्हापूरला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, म्हणजे तिथे चार फुटांची. इशारा आणि धोका यांच्यामध्ये जागा सोडावी हे शहाणपण नदीच्या बाबतीत आपल्याला आहे. बेसिनच्या भोकापासून काठापर्यंतची चार बोटं म्हणजे हीच सवड. १९७८ च्या सप्टेंबरात राजघाटाला गंगेचं पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं, आणि तो आकडा अजून दर पावसाळ्यात आरतीच्या ध्रुवपदासारखा परत परत येतो. आता बनारसची रचना पाहा. घाट सगळे पश्चिमेला, उंच काठावर. पूर्वेला सखल रेती. गंगा फुगली की आडवी पसरायला तिला ही पूर्वेची बाजू मोकळी, म्हणजे अख्ख्या काशीला देवानं दिलेला ओव्हरफ्लो हा रामनगरच्या बाजूला आहे. रामनगरचा किल्ला बांधणाऱ्यांना अठराव्या शतकात हे कळलं होतं. चुनारच्या दगडात त्यांनी तो बांधला, पण उंचवट्यावर. पुढे पक्का पूल होईपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत, सामने घाटावरून रामनगरला जायला पिपांवर तरंगणारा पिपापूल असायचा, आणि पावसाळा आला की तो काढून ठेवत. पाणी चढणार आहे, आपण बाजूला व्हावं, असं मानणारा अख्खा एक पूल. आणि त्या वाटेनं आज पक्क्या पुलावरून जो टेम्पो येतो त्यात थर्माकोलमध्ये गुंडाळलेला, सांडव्याविना वाडगा असतो.

आता या वाडग्याची खरी गंमत खाली आहे. बेसिन आणि पाइप यांना जोडणारा जो सव्वा इंची तुकडा असतो, त्याला वेस्ट कपलिंग म्हणतात, आणि ते दोन जातींचं येतं, हाफ थ्रेड आणि फुल थ्रेड. ओव्हरफ्लोवाल्या बेसिनला हाफ थ्रेड लागतं. त्याच्या वरच्या भागात आटे नसतात, खाचा असतात, आणि पोकळीतून उतरलेलं पाणी त्या खाचांतून आत शिरतं. ओव्हरफ्लो नसेल तर फुल थ्रेड, वरपासून खालपर्यंत आटे, खाच नाही. अख्ख्या बेसिनशास्त्रात लक्षात ठेवण्यासारखी ही एकच गोष्ट आहे आणि नेमकी तीच कुणाच्या लक्षात राहत नाही. वाडगा नवा येतो, कपलिंग जुनंच चालवतात, कारण ते पितळेचं आहे आणि "अभी तो बढ़िया है". मग जुन्या कपलिंगच्या खाचा नव्या वाडग्याच्या बुडाखाली, ग्रॅनाइटच्या भोकात उघड्या पडतात आणि चूळ भरली की तिचा काही भाग गटाराकडे न जाता फळीखाली उतरतो. याच्या उलटही होतं. ओव्हरफ्लोवाल्या बेसिनला फुल थ्रेड बसवतात, पोकळीतलं पाणी बाहेर पडायला वाट शोधत तिथेच कुजतं, आणि महिन्याभरानं घरातले लोक वासाचा उगम एकमेकांत शोधू लागतात. उपाय ठरलेला आहे. प्लंबर येतो, सफेदा लावतो, धागा गुंडाळतो, तरी ठिबकलं तर पांढरं सिमेंट थापतो. जिथे एक खाच कमी किंवा एक खाच जास्त एवढाच प्रश्न आहे तिथे चुकीचा तुकडा बदलण्याऐवजी त्याच्याभोवती लेप चढवत जायचं, लेप फुटला की त्यावर दुसरा लेप, आणि शेवटी तो सांधा किल्ल्याच्या बुरुजाएवढा जाड झाला की त्याला काम पक्कं झालं म्हणायचं. ही पद्धत फक्त प्लंबरची आहे असं मानणं त्याच्यावर अन्याय करण्यासारखं आहे. या देशात बऱ्याच मोठ्या सांध्यांची दुरुस्ती अशीच चालते. पण तो विषय निघाला तर बेसिन बाजूला राहील.

यावर आक्षेप आहेत, आणि सगळेच मूर्खपणाचे नाहीत. पहिला असा की आपण बेसिन भरून ठेवतोच कुठे? साहेब बेसिनला बूच लावून साठवलेल्या पाण्यात तोंड धुवायचा, आपण वाहत्या पाण्याचे लोक, त्यामुळे हे भोक म्हणजे साहेबाचा वारसा. युक्तिवाद चांगला आहे. तस्तात हात धुणाऱ्यांच्या वंशजांनी केला तर शोभतोही. मग त्याच वाडग्यात बोटानं दाबलं की टक्‌ करून बंद होणारं पॉप-अप वेस्ट कशाला बसवता? भरायचं नाही म्हणता, तर बंद होण्याची सोय कुणासाठी? ओव्हरफ्लो नको असेल तर कधीच बंद न होणारी जाळी बसवा, वाद मिटला. पण जाळी दिसायला साधी, आणि टक्‌ होत नाही. शिवाय आपल्याकडे बेसिन भरायला इच्छा लागत नाही, पाणी जावं लागतं. सकाळी नळाला पाणी नसतं, कुणीतरी नळ फिरवून बघतं, तो उघडाच राहतो, पॉप-अपवर हात टेकलेला असतो, सगळे लग्नाला चुनारला जातात. दुपारी टाकी भरते. साधा नळ मिनिटाला आठ लिटर सोडतो असं धरा. सहा लिटरचा वाडगा मिनिटाच्या आत काठोकाठ, तासाला ४८० लिटर, आणि गच्चीवरची हजार लिटरची टाकी वरात निघायच्या आत खालच्या मजल्यावरच्या पीओपीच्या छतात.

दुसरा आक्षेप: एवढा नळ सुरू असेल तर ते करंगळीएवढं भोक काय पुरणार? पुरणार नाहीच, बऱ्याचदा. पण बारीक धार, ठिबकता नळ, अर्धवट तुंबलेलं वेस्ट, यांना ते पुरतं, आणि मोठ्या धारेला थोडा उशीर करतं. सांडव्यानंही पूर थांबत नाही, सवड मिळते. तिसरा आक्षेप गृहिणींचा आणि तो सर्वांत खरा. त्या भोकात घाण साचते, वास येतो, रात्री तिथून झुरळ मिशा बाहेर काढून बघतं. कबूल. पण नाकात शेंबूड साचतो म्हणून कुणी नाक बुजवून घेत नाही, शिंकरतं. आठवड्यातून एकदा बाटली धुवायचा ब्रश आणि तांब्याभर गरम पाणी, एवढंच त्या भोकाचं मागणं असतं. आणि चौथा आक्षेप, जो तोंडानं कुणी घेत नाही पण ज्याच्यावर सगळी विक्री चालते: ते भोक दिसायला वाईट दिसतं.

इथे मात्र माझा संयम सुटतो. दिसायला! अहो, बेसिन हे थुंकायचं भांडं आहे. त्यात घसा खाकरायचा असतो, कवळी धुवायची असते, दाढीचे केस सोडायचे असतात, आणि बनारसात असाल तर पानाची लालभडक चूळ टाकायची असते. त्या उथळ वाडग्यात पडलेली चूळ उसळून समोरच्या आरशावर रंगपंचमी करते. फळी तीस इंचांवर, तीवर सहा इंचांचा वाडगा, म्हणजे काठ छत्तीस इंचांवर. घरातली साडेचार फुटांची आजी तिथे तोंड धुते तेव्हा पाणी कोपरांवरून उलटं काखेत जातं. तिला कुणी विचारलेलं नसतं. ते विचारलं जातं त्या पाहुण्याला, जो वर्षातून एकदा येऊन दोन बोटं ओली करतो आणि "वा, छान आहे हं" म्हणतो. नाकापेक्षा मोती जड हे ठीक, इथे मोत्यासाठी नाकच कापलंय. याच रामनगरात रामलीला एकतीस दिवस चालते, माइक नाही, विजेचे झगमगते दिवे नाहीत, लोक प्रसंगामागून प्रसंग पायी चालत जातात, कारण पूर्वीपासून हे असं आहे आणि ते चांगलं आहे. महिनाभर एवढी श्रद्धा, आणि उरलेले अकरा महिने दुकानदाराच्या "आजकल"वर! रामनगर ही व्यासकाशी, इथे मेलं की गाढवाचा जन्म येतो अशी जुनी कथा आहे. मरायची वाट कशाला बघायची? रोख भरून वाडगा न्या.

आणि जुनं बेसिन? ते फुटलेलं नसतं. बाराशे अंशांच्या आसपास भाजलेली ती चिनी माती, पाणी पिते जेमतेम अर्धा टक्का, आपल्या नातवंडांनाही पुरली असती. गळत होता तो रबराचा वायसर. त्या पाच-दहा रुपयांच्या वायसरसाठी बेसिन काढलं, बेसिनसाठी ब्रॅकेट उखडले, ब्रॅकेटांबरोबर टाइल फुटल्या, त्या टाइल आता मिळत नाहीत म्हणून भिंत सोलली, आणि भिंतीच्या मानानं फरशी जुनी दिसू लागली. हा सगळा मलबा पोत्यांत भरून रात्री कुठे जातो? बांधकामाच्या राडारोड्याचे नियम २०१६ साली निघाले, पण पोत्यांना वाचता येत नाही. ती जातात सखल जागी. नाल्याच्या काठी, पाण्याच्या वाटेवर, जिथे "थोडा भराव पाहिजेच होता". म्हणजे घरातल्या बेसिनचा सांडवा बुजवला आणि त्याच पोत्यांनी बाहेरचाही. दोन्हीकडचं पाणी मग आपल्याला विचारत बसत नाही.

असो. वाडगा बसतो, सिलिकॉनची रेघ ओढली जाते, प्लंबर हात धुतो आणि गंगेत घोडं न्हातं. तिसऱ्या दिवशी फळीखाली थेंब दिसतो. हाफ थ्रेडच्या त्या खाचा. प्लंबर सोमवारी येतो म्हणतो, कुठल्या सोमवारी ते सांगत नाही, आणि तोवर बॉटल ट्रॅपच्या खाली एक डबा सरकवला जातो. मराठी घर असेल तर श्रीखंडाचा, शेजाऱ्यांकडे रसगुल्ल्याचा. तो संध्याकाळी भरतो, सकाळी भरतो, कुणीतरी उठून तो त्याच वाडग्यात ओततं, आणि पाणी त्याच खाचांतून परत डब्यात येतं. डब्यालाही ओव्हरफ्लो नसतो.