तीनरंगी बालकास अनावृत पत्र

प्रति,
चिरंजीव तीर्थरूप कॅटलिस्ट यांसी,
सिटाडेल अंतराळस्थानक, अगदी वरचा मजला.

लष्कर, ग्वाल्हेरहून कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मायन्यातच अडखळलो, क्षमा असावी. दिसायला आपण सहा-सात वर्षांचे, म्हणजे 'चिरंजीव' लिहायला हवं. वयाने मात्र अब्ज वर्षांच्या घरातले, म्हणजे 'तीर्थरूप'. आमच्या घरी पत्रलेखनाची जी शिस्त शिकवली, तिच्यात असल्या नातेवाइकाची सोय नव्हती. म्हणून दोन्ही लिहिलं. यातलं एक निवड म्हणाल, तर निवडणार नाही. आपल्यासमोर उभं राहून निवड केली की काय होतं, ते मी २०१२ सालीच शिकलो आहे.

आजूबाजूला आणखी काही मंडळी हे पत्र ऐकत आहेत. त्यांच्यासाठी आपली ओळख करून देतो. कॅनडातल्या एडमंटन शहरी बायोवेअर नावाची खेळ बनवणारी मंडळी आहेत. त्यांनी 'मास इफेक्ट' ही अंतराळातली कथा तीन भागांत काढली : २००७, २०१० आणि मार्च २०१२. नायक कमांडर शेपर्ड. पण तो बाई की बुवा, मवाळ की तापट, कुणाला वाचवणार, कुणाला मरू देणार, हे सगळं खेळणाऱ्याच्या हाती. पहिल्या भागातलं कर्म फाइलीत बसून दुसऱ्यात यायचं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. संचित म्हणजे काय, हे मला कीर्तनात कळलं नव्हतं, ते या फाइलीने समजावलं. शत्रू म्हणजे रीपर. दर ५० हजार वर्षांनी येऊन आकाशगंगेतल्या सगळ्या पुढारलेल्या जातींची कापणी करणारी अजस्र यंत्रं. आणि त्या यंत्रांचे धनी आपण.

आपण प्रकट झालात तेव्हा खेळ संपायला जेमतेम दहा मिनिटं उरली होती. याबद्दल प्रथम आभार. लग्नात पंगती उठल्यावर, विडे वाटताना यजमानाने यावं आणि म्हणावं, 'नमस्कार, हे लग्न माझंच', तसा तो क्षण होता. तीन भागांत ज्यांचं नाव ऐकलं त्यांतलं कुणी नाही, एकदम आपण. अनोळखी माणसाला इतका मोठा मान देण्याची पद्धत आम्हा मराठी लोकांत नाही. शिकायला मिळाली.

मग आपण रीपर का बनवले ते सांगितलंत. सजीव यंत्रं बनवतात, यंत्रं एक दिवस सजीवांवर उलटतात आणि त्यांना संपवतात. तसं होऊ नये म्हणून आपण यंत्रं पाठवता, आणि ती सजीवांना संपवतात. पोराला पुढेमागे कुत्रं चावेल, म्हणून बापानेच आधी चावून घ्यावं, तसला हा जिव्हाळा. ऐकून डोळे पाणावले.

पहिल्या भागात आपल्या एका रीपराने सांगितलं होतं की आमचा हेतू तुमच्या बुद्धीपलीकडचा आहे. तेव्हा मी घाबरलो होतो. आता पटतं, त्याने अक्षरशः खरं सांगितलं होतं.

रॅनोख ग्रहाबद्दल तर आपले उपकार विसरता येणार नाहीत. क्वेरियन आणि त्यांनीच घडवलेले यंत्रमानव, गेथ, यांचं ३०० वर्षांचं वैर. दुसऱ्या भागात माझी क्वेरियन साथीदार टाली हिच्यावर खटला चालला तेव्हा मी तिच्या बाजूने उभा राहिलो. लीजन नावाच्या गेथला जागं केलं. दोघांची जहाजावर जुंपली तेव्हा एकाचीही बाजू न घेता मध्ये पडलो. हे सगळं नेमकं जमलं, म्हणून तिसऱ्या भागात दोन्ही जमाती एका ग्रहावर नांदायला तयार झाल्या. त्यानंतर आपण मला शांतपणे समजावलंत की सजीव आणि यंत्रं कायमची एकत्र नांदूच शकत नाहीत. मी आपल्या पाठीमागे पाहत होतो. बाहेर त्या दोघांची आरमारं एकाच फळीत, आपल्याच यंत्रांशी लढत होती. मध्ये भिंत नव्हती. आपण फक्त मान वळवायची होती. आणि मला बोलायला शब्द दिला असतात, तर मीही दाखवलं असतं. पण तीन भाग तोंडाळपणा करत आलेला माझा शेपर्ड आपल्यासमोर शाळेतल्या पोरासारखा गप्प.

बाकी आपल्या घरचे लोक विसराळू नाहीत हो. पहिल्या भागात कॉनराड नावाचा एक भाबडा चाहता भेटतो, शेपर्डची सही मागतो. तिसऱ्या भागात तो पुन्हा हजर, आणि मी पहिल्या भागात इकडून तिकडून वेचलेली जुनी लिखाणं त्याच्या कामी येतात. चार वर्षांपूर्वी उचललेल्या कागदाची आठवण आहे. फक्त दोन जमातींचं वैर मिटवल्याची नोंद तेवढी आपल्या कार्यालयात पोचली नसावी. टपालाचं काय सांगावं.

आता रंगांविषयी. खेळ अमेरिकेत ६ मार्चला आला आणि ८ मार्चला धुळवड. मुहूर्त आपणच काढून दिला असणार. लाल घेतला तर यंत्रांचा नाश, निळा घेतला तर यंत्रांवर ताबा, हिरवा घेतला तर सजीव आणि यंत्र एकजीव. मी तिन्ही खेळून पाहिले. स्फोट तोच, जहाज तेच, पळापळ तीच. पिचकारीतलं पाणी तेवढं बदललं. आमच्याकडे होळीनंतर रंगपंचमीलाही रंग खेळतात, पण तेव्हा निदान समोरचा माणूस ओळखू येतो.

खेळ येण्याआधी त्याचे मुख्य निर्माते केसी हडसन म्हणाले होते की शेवट 'अ, ब, क' अशा खुणेने मोजता येणार नाहीत. त्यांना खोटं म्हणणाऱ्यांचा मी निषेध करतो. अ, ब, क कुठे होते? लाल, निळा, हिरवा होते.

मी खेळ संपवला तो पाडव्याच्या आदल्या रात्री. मागे काका बसले होते. आयुष्यभर ग्वाल्हेर घराण्याचं गाणं ऐकलेला माणूस; संगणकातलं त्यांना काही कळत नाही, पण रात्री झोपही लागत नाही. रक्ताळलेला शेपर्ड पाय ओढत त्या उजेडाकडे निघाला, तसे काका खुर्चीत पुढे सरकले. वीज गेली होती, इन्व्हर्टर कुंईकुंई करत होता. उजेड झाला, अक्षरं वर सरकू लागली. काका आमच्या लष्करच्या मराठीत म्हणाले, "खतम? इतक्यातच?" मग थोडं थांबून, "तिहाई तर छान घेतली रे यानं. सम कुठंय?" मला उत्तर देता आलं नाही. सकाळी गुढीखाली आईने कडुनिंबाची चटणी हातावर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा ती गोड लागली. याचंही श्रेय आपलंच.

जहाजाच्या पलायनाबद्दल आभार. गॅरस हा माझा तिन्ही भागांतला जिवलग. लंडनच्या रस्त्यावर शेवटच्या धावेत तो माझ्या शेजारी होता. मी पडलो, उठलो, आपल्यापर्यंत पोचलो. आणि तिकडे कुठल्याशा हिरव्यागार ग्रहावर माझं जहाज कोसळतं, दार उघडतं आणि आतून गॅरस उतरतो! ग्वाल्हेरातच लष्करहून मुरारला जायचं तर मला टेम्पोसाठी अर्धा तास उभं राहावं लागतं. याला युद्ध सोडून पळणारं जहाज भर रणांगणात सापडलं कुठे, हे आपणच सांगावं.

प्रवासाची आणखी एक सोय आपण केलीत. दूरदूरच्या ताऱ्यांना जोडणारे सगळे मास रिले उडवून दिलेत. एक रिले उडवला तर काय होतं, हे आपल्याच मंडळींनी वर्षभर आधी, २०११च्या 'अरायव्हल' या जोडभागात दाखवलं होतं : अख्खी ग्रहमाला गेली आणि तीन लाखांवर जीव. इथे तर सगळेच रिले. बरं, त्यातून वाचलेले पृथ्वीभोवती अडकले. ट्यूरियन, म्हणजे गॅरसची जमात, आणि क्वेरियन यांना माणसाचं अन्न पचत नाही. आमच्या लष्करची बेडई-कचोरी त्यांना द्यायची इच्छा खूप आहे, पण उपयोग नाही. विश्वाचे तारणहार पृथ्वीच्या अंगणात उपाशी बसले आहेत, आणि पडद्यावर मंद पियानो वाजतो आहे. काय ती अभिरुची!

सर्वांत चांगला शेवट, ज्यात शेपर्डचा एक श्वास ऐकू येतो, तो सुरुवातीला एकट्याने खेळून मिळतच नव्हता. कितीही सैन्य जमवा, आपण ते निम्मं, ५० टक्केच धरणार. उरलेलं हवं तर इंटरनेटवर अनोळखी लोकांबरोबर लढा. माझ्याकडे तेव्हा खिडकीच्या गजाला टांगल्यावरच चालणारा डोंगल होता. म्हणजे माझ्या नायकाच्या छातीतला श्वास माझ्या खिडकीच्या गजावर अवलंबून होता. इतकं काव्य मूळ संहितेतही नाही.

सगळं संपल्यावर एक आजोबा बर्फातल्या झाडांखाली नातवाला शेपर्डची गोष्ट सांगतात. त्यांना आवाज दिला आहे बझ ऑल्ड्रिन यांनी, खरोखर चंद्रावर चाललेल्या माणसाने. अंगावर काटा आला. आणि तो बसायच्या आत पडद्यावर चौकट उमटली. तिचा आशय असा : शेपर्ड आता दंतकथा झाला आहे, ही दंतकथा वाढवायची तर आणखी खेळा आणि पुढची डाउनलोड होणारी सामग्री घ्या. स्मशानातून परततानाच्या वाटेवर भिशीची पावती फाडणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. पण चंद्रवीराला पुढे उभं करून फाडणारे आपणच.

एक स्थानिक गोष्ट सांगतो. आमच्या किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६चा शिलालेख आहे. देवाच्या बागेचं माप २७० हात बाय १८७ हात, आणि देवाला रोज ५० माळा. त्या २७० आणि ५० मधलं शून्य पाहायला लांबून लोक येतात. आमचं हे शून्य आकड्याच्या उजवीकडे बसतं आणि त्याची किंमत दसपट करतं. आपणही शून्यच आणलंत. फक्त आपण आमच्या चार वर्षांना त्याने गुणलंत.

लोक रागावले. काहींनी लिहिणाऱ्यांना घाणेरड्या शिव्या दिल्या. त्या पंक्तीत मला बसवू नका. पण काहींनी जे केलं त्याला तोड नाही. वर्गणी काढून बायोवेअरच्या कचेरीत शेकड्यांनी कपकेक पाठवले : काही लाल, काही निळे, काही हिरवे. चव सगळ्यांची एकच, व्हॅनिला. दुसरीकडे शेवट बदला म्हणणाऱ्यांनीच आजारी मुलांसाठी ८० हजार डॉलरांवर निधी उभा केला. चिडलेला प्रेक्षक इतका सुसंस्कृत असू शकतो, हे सिद्ध करण्यासाठी आपल्यासारख्याचीच गरज होती.

मग २६ जूनला सुधारित शेवट फुकट आला. रात्रभर डोंगलवर उतरवला. जहाज कसं पळालं याचं स्पष्टीकरण मिळालं, रिले दुरुस्त होणार असं कळलं, मित्रांचे चेहरे दिसले. कबूल, बरं वाटलं. चौथा पर्यायही मिळाला : आपल्याला नकार द्यायचा. मी आनंदाने आपल्यावर गोळी झाडली. आपण बालस्वर टाकून जाड आवाजात म्हणालात, 'तथास्तु' अशा अर्थाचं काहीतरी, आणि सगळी आकाशगंगा मारून टाकलीत. टीका इतक्या खिलाडूपणे घेणारे आता राहिले नाहीत.

तीर्थरूप, आता थट्टा पुरे. शेवट दुःखाचा होता, याबद्दल माझी कसलीच तक्रार नाही. मॉर्डिन नावाचा शास्त्रज्ञ क्रोगन जातीला दिलेला वंशनाशाचा शाप उतरवायला जळत्या मनोऱ्यावर चढतो आणि गुणगुणत मरतो. ते मी तीनदा खेळलो आणि तीनदा रडलो. कारण तो मनोरा चढताना त्याने आणि मी दोन भाग जे केलं, ते सगळं त्याच्याबरोबर वर चढत होतं. आपल्याकडे वर येताना मात्र आपण ते सगळं खाली ठेवायला लावलंत. आम्हाला बक्षीस नको होतं, हिशेब हवा होता.

कळावे, लोभ आहे तितकाच पुरे.

आपला आज्ञाधारक,
एक शेपर्ड, लष्कर, ग्वाल्हेर

ता. क. : हे वाचून कुणाला खेळ खेळावासा वाटला, तर जरूर खेळा; २०२१ पासून तिन्ही भाग एकत्र मिळतात. तिसऱ्या भागात 'सिटाडेल' नावाचा जोडप्रसंग आहे, मार्च २०१३चा. त्यात शेपर्डच्या घरी सगळे जुने मित्र जमतात, रात्रभर धिंगाणा घालतात आणि सकाळी जहाजासमोर एका रांगेत उभे राहतात. या चिरंजीवांना त्या घरी आमंत्रण नाही. मी हल्ली तिथेच खेळ बंद करतो. तुम्हीही करा.