लॅबमधला दादा

एफवायचं पोरगं संशोधन करायला लॅबमध्ये आलं की त्याच्या हातात आधी काय पडतं? मायक्रोस्कोप? छे. बाटल्या घासायचा ब्रश. आणि तो देतो दादा.

दादाचं पीएचडीचं सहावं वर्ष. ‘सिनॉप्सिस कधी?’ हे त्याला विचारायचं नसतं, एवढं पोरं पहिल्याच आठवड्यात शिकतात. पिपेट धरणं नंतर. ‘नव्या मुलांना सामावून घ्या,’ असं सरांनी सांगितलंय, म्हणून दादा त्यांना बेसिनपाशी सामावून घेतो.

कुणी कुरकुरलं की ब्रिजेसपुराण सुरू. “कोलंबिया विद्यापीठ. मॉर्गनची लॅब. तिथं केल्विन ब्रिजेस काय करायचा? बाटल्या धुवायचा! धुता धुता जाड काचेतून त्याला शेंदरी डोळ्यांची फळमाशी दिसली. झाला की नाही मोठा?” त्याच लॅबमध्ये स्टर्टेव्हंटनं १९११ साली, पदवीला असताना, कॉलेजचा गृहपाठ बाजूला सारून एका रात्रीत जनुकांचा पहिला नकाशा काढला. हे दादा सांगत नाही. रात्री नकाशे काढत बसलं तर सकाळी बाटल्या कोण धुणार?

मी दोन सेमिस्टर धुतल्या. मग बढती मिळाली : सकाळी सहाला कुमारी माश्या वेचायच्या. आईचा फोन आला, “एवढ्या पहाटे काय करतोयस?”

“माश्या वेचतोय.”

पलीकडे शांतता. मग, “थांब, बाबांना देते.”

पण मायक्रोस्कोपपाशी दादा निराळाच. बेशुद्ध माश्या ब्रशच्या टोकानं अलगद सरकवत कुजबुजायचा, “बघ, अंग फिकट, पोटावर काळसर ठिपका. आत्ताच कोषातून निघालीय. आठ तासांच्या आत वेगळी काढ, नाहीतर माझा क्रॉस गेला!” क्रॉस कायम ‘माझा’, चुकला की ‘तुमचा’.

यंदा एक मुलगी आलीय. पुराण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दादा, ब्रिजेसच्या बाटलीत माशी जिवंत होती ना? आमच्याकडे बाटल्या येतात त्या ऑटोक्लेव्ह होऊन. मग आम्हाला दिसणार काय?”

सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. दादानं चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

“उद्या सहाला ये. मायक्रोस्कोपवर बसवतो.”

ती पावणेसहाला हजर होती. दादा साडेनऊला आला.