बोटदाखवे काका

ट्रेकच्या प्रत्येक ग्रुपात एक बोटदाखवे काका असतातच. कसाऱ्याला लोकलमधून उतरलं की घोटीकडच्या जीपमध्ये पुढची सीट त्यांची, कारण बोटाला समोर मोकळी काच लागते. पायांत झिजलेले ॲक्शनचे बूट, पाठीवर रंग उडालेली सॅक. सॅकच्या कप्प्यात काकडी, मिठाची पुडी आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला नकाशा. तो उघडलेला कुणी पाहिलेला नाही. नकाशा उघडणं म्हणजे काकांच्या लेखी शरणागती.

रतनवाडीत अमृतेश्वराला हात जोडले की प्रवरेच्या काठानं रतनगडाचं जंगल लागतं. गर्द सावली, पायाखाली ओला पालापाचोळा. बाकीचे खूश, काकांची मात्र घुसमट. झाडीतून डोंगरच दिसेना, तर दाखवायचं काय? मग ते कारवीवर भागवतात. "सात वर्षांनी एकदा फुलते. पुढच्या वर्षी नक्की!" हे पुढचं वर्ष त्यांच्याकडे कायम शिल्लक असतं. कात्राबाईच्या खिंडीची वाट फुटते तिथे ते सगळ्यांना हरिश्चंद्रगडापर्यंत नेऊन आणतात, तोंडी.

लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे काका गप्प. खाली नंबर लावून उभी असलेली पोरं ही शांतता मनापासून उपभोगतात.

मग नेढं. कातळाला आरपार भोक, आणि त्यात टोपी उडवणारा वारा. बोट उठतं. "ती कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यात सर्वांत उंच. तिच्या डावीकडे अलंग, मदन, कुलंग." सोयऱ्याधायऱ्यांची ओळख करून द्यावी तसा आवाज, आणि एवढ्यासाठी तरी काकांना सगळं माफ करावं. फक्त समोर पांढरंफटक धुकं असतं.

"कुठे, काका?"

"अरे, माझ्या बोटाच्या रेषेत बघ!"

पोरं डोळे बारीक करतात. एकीला तर मदन दिसतोसुद्धा.

तेवढ्यात धुकं फाटतं. गावातून बरोबर आलेला वाटाड्या हळूच म्हणतो, "काका, तुमचं बोट धरणाच्या पाण्यावर हाये. अलंग तिकडं."

काका बोट तसंच ताठ ठेवून कमरेतून अख्खे वळतात. "सुरुवात पाण्यावरूनच करायची असते," ते पोरांना सांगतात, "म्हणजे चुकत नाही."