मोजणीसाहेब

भोसरी, चाकण, हिंजवडी, कुठंही जा, मोजणीसाहेब भेटतातच. भूमी अभिलेखवाल्यांशी त्यांचा संबंध नाही. ते माणसाच्या डोक्यातलं मोजतात. हुद्दा 'नॉलेज मॅनेजर', काखेत लॅपटॉप आणि त्यात एक्सेलची अशी शीट, की उजवीकडे सरकवता सरकवता चहावर साय धरावी. समोरून कुणी नमस्कार केला तरी हा लाल, पिवळा की हिरवा, हे ते मनात ठरवून टाकतात.

त्यांचं दैवत स्वीडनचं. स्कांदिया या विमा कंपनीनं 1991 साली लीफ एडव्हिन्सन यांना बौद्धिक भांडवलाचे संचालक नेमलं आणि 1994च्या वार्षिक अहवालाला त्या भांडवलाची पुरवणी जोडली. ताळेबंदात इमारत दिसते, आतली अक्कल दिसत नाही, ही तक्रार रास्तच होती. साहेबांनी तक्रार तिथंच ठेवली, तक्ते तेवढे उचलले.

पुण्यात जन्मलेल्या इन्फोसिसचा दाखला ते हटकून देतात. तिथं 2000च्या सुमारास ज्ञानाची नोंद करणाऱ्याला गुण मिळू लागले. मग नोंदींचा पूर आला, त्या तपासणाऱ्यांची दमछाक झाली आणि गुणांचे नियम बदलावे लागले. साहेबांची गोष्ट मात्र पुराशीच संपते, तीही कौतुकानं.

परवा ते निवृत्तीला आलेल्या फिटरमामांकडे गेले. मामांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं, मूठ कानाला लावली.

"पंधरवडा काढंल. बदलून घ्या."

"मामा, हे कसं कळलं?"

"खरखरतंय की. तुम्ही ऐका."

साहेबांनी ऐकलं. त्यांना नुसती घरघर ऐकू आली. त्यांनी फॉर्म पुढं केला: 'आपल्याकडील अव्यक्त ज्ञान, किमान 100 शब्दांत'. मामांनी चष्मा पुसला, बराच विचार केला आणि लिहिलं, 'कान'.

रकाना लाल झाला. तिमाही संपायला 2 दिवस. शेवटी साहेबांनीच रात्री बसून 'श्रवणाधारित पूर्वनिदानाची बहुस्तरीय कार्यपद्धती' अशा 11 स्लाइड रचल्या, बाणांसकट. रकाना हिरवा झाला. मुख्य कार्यालयातल्या परीक्षकानं 5 पैकी 4 तारे दिले आणि खाली एकच शेरा मारला: 'वापरलेल्या कानाचा मेक आणि मॉडेल नंबर नमूद करावा.'