चि. श्रावणबाळास, वयाच्या पुराव्याबाबत

चि. श्रावणबाळ यास,
शनिवार पेठेतून अनेक आशीर्वाद.

सरकारने तुझ्या नावाने म्हाताऱ्यांसाठी जी निवृत्तिवेतन योजना काढली आहे, तिच्या टेबलावर माझं वय कमी भरतं. शेजारच्या योजनेत ते जास्त झालंय. म्हणून थेट तुलाच लिहिते.

१२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी रांगत होते. आईने मला कडेवर घेऊन पर्वती गाठली. घर, ट्रंक आणि ट्रंकेतली माझी पत्रिका नदीने नेली. जन्म वाड्यातल्याच खोलीत, त्याची नोंद कुणी केलीच नव्हती. पुढे बिऱ्हाडं बदलण्यात शाळा लांबली. १९६८ साली वडिलांनी नाव घातलं, तेव्हा गुरुजींनी सहा वर्षं पूर्ण धरून १ जून १९६२ ही तारीख टाकली. म्हणजे पूर आला, घर वाहून गेलं आणि त्यानंतर साडेदहा महिन्यांनी मी जन्मले! मग आईच्या कडेवर कोण होतं? गुरुजींना तरी काय बोल लावायचा? त्यांच्यासारख्यांच्या कृपेने अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला येतो आणि सरकार दरवर्षी ३१ मे रोजी आपल्या कर्मचाऱ्यांना घाऊक निरोप देतं.

आधार निघालं तेव्हा मशीनवरच्या मुलाने विचारलं, “काकू, वय?” म्हटलं, “पन्नास-एक्कावन्न लिही.” त्याने १९६० करून टाकलं.

त्या हिशेबाने २०२५ उजाडताच मी पासष्टची झाले आणि ‘लाडकी बहीण’चे दीड हजार थांबले. तुझ्याकडे आले तर साहेब म्हणाले, “आधारची जन्मतारीख चालत नाही, शाळेचा दाखला आणा.” आणला. “आजी, तुम्हाला अजून पासष्ट नाहीत. जून २०२७मध्ये या.” आजी म्हणायला मात्र दाखला लागला नाही.

मग सरकारी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळे पाहिले, दात पाहिले, नसलेलेही मोजले आणि लिहून दिलं: अंदाजे साठ ते सत्तर.

साहेबांचं चुकलं असं नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये अपघात-भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच वयासाठी आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. पण मग तोच दाखला बहिणीच्या टेबलावर का चालू नये? उत्पन्नाचं तर बोलूच नकोस. बहीण वर्षाला अडीच लाखांपर्यंत लाडकी असते, तुझ्या दारात मात्र २१,००० च्या आत यावं लागतं. कावड उचललीस, पण वजन बघून!

तेव्हा दोन्ही टेबलांवर माझं एकच वय लिहायला सांग. दाखला खरा असेल तर बहिणीचे थांबलेले पैसे थकबाकीसह द्यावेत, आधार खरं असेल तर तुझे या महिन्यापासून सुरू करावेत.

कळावे,
दोन वयांची एक अर्जदार