सॅक्सन (ऑलिव्हर-डॉसन गट)

इंग्लंडात बार्न्सली नावाचं कोळसा खाणींचं गाव आहे. तिथं सत्तरच्या दशकात पाच पोरांनी हेवी मेटल बँड काढला. पहिलं नाव चारचौघांत घेण्यासारखं नव्हतं, म्हणून ते बदलून ‘सॅक्सन’ ठेवलं. १९७९ला पहिला अल्बम आला, १९८०ला एकाच वर्षात दोन आले आणि त्याच ऑगस्टात डॉनिंग्टनच्या पहिल्यावहिल्या ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’मध्ये हजेरी लागली. गाडी सुसाट सुटली. मग जे सगळीकडे होतं तेच झालं. आधी ड्रमर गेला, मग बासवाला गेला, १९९५च्या सुमारास गिटारवालाही गेला. नांदेड-लातूरच्या वाचकाला पुढची गोष्ट सांगायची खरं तर गरज नाही. तरी सांगतो, कारण तिचा शेवट आपल्यासारखा नाही.

बाहेर पडलेले गिटारवाले ग्रॅहम ऑलिव्हर आणि बासवाले स्टीव्ह डॉसन एकत्र आले आणि त्यांनी ‘सॅक्सन’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून आपल्या नावावर नोंदवून टाकलं. इकडे गायक बिफ बायफर्ड नवे वादक घेऊन त्याच नावानं गावोगाव गातच होते. नाव एक, बँड दोन. ट्रेडमार्क कार्यालयानं कौल दुकलीला दिला. बायफर्ड लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. २००३मध्ये न्यायमूर्ती लॅडी यांनी निकाल फिरवला. नाव भागीदारीचं असतं, कुणा एकट्यादुकट्याचं नाही; जो बाहेर पडला तो नावाचा तुकडा खिशात घालून जाऊ शकत नाही; आणि एवढी वर्षं त्या नावानं गाऊन बायफर्ड यांच्या बँडनं आपली पत कमावलेली आहे, असा त्याचा सारांश. दुकलीची नोंदणी रद्द झाली. पुढं त्यांचा बँड ‘ऑलिव्हर/डॉसन सॅक्सन’ म्हणून वाजवू लागला. आपल्याकडे कंसात ‘गट’ लिहितात, त्यांनी तिरकी रेघ मारली, एवढाच फरक. मूळ पाचांपैकी आज दौऱ्यावर एकटे बायफर्ड उरलेत, पण पाटी शाबूत आहे.

हा खटला दिल्लीला आला असता तर काय झालं असतं? निवडणूक आयोगानं भागीदारी, पत वगैरे भानगडीत न पडता वादकांची डोकी मोजली असती. १७ फेब्रुवारी २०२३ला शिवसेना आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांना मिळाले. ६ फेब्रुवारी २०२४ला राष्ट्रवादी आणि घड्याळ अजित पवार यांना मिळालं. दोन्ही वेळा पारडं खाली गेलं ते आमदारांच्या वजनानं. हॉटेलात राहण्याची सवयही दोन्हीकडे सारखी. बँड दौऱ्यावर निघाला की हॉटेलात उतरतो, मग कार्यक्रम करतो. जून २०२२च्या आमच्या बंडखोर आमदारांच्या सुरत-गुवाहाटी दौऱ्यात कार्यक्रम एकही झाला नाही, तरी मराठी इतिहासातला तो सर्वांत कमाईचा दौरा ठरला.

या सगळ्या फाटाफुटीत हाती वाद्य पडलं ते एकट्या शरद पवारांच्या. तुतारी वाजवणारा माणूस! तर २०२४च्या लोकसभेला चिन्हांच्या यादीत शेजारी अपक्षांची पिपाणी येऊन बसली. बीडमध्ये पिपाणीनं ५४ हजारांवर मतं नेली. तुतारी साडेसहा हजारांनी कशीबशी वाचली. साताऱ्यात तुतारी जेवढ्या मतांनी पडली, त्याहून जास्त मतं पिपाणीच्या खात्यात होती. वाद्याच्या नुसत्या चित्रावर श्रोत्याचा कान असा ठरतो म्हटल्यावर सॅक्सनच्या पोस्टरला फसलेल्या गोऱ्या पोरांना हसण्याचा हक्क आपल्याला नाही.

आता नांदेडला येऊ. मेटलच्या इतिहासात एक मजेदार पान आहे. १९८३मध्ये डीप पर्पलचे गाजलेले गायक इयन गिलन ब्लॅक सॅबथमध्ये गेले, एक अल्बम केला आणि १९८४ला मुकाट घरी परतले. नांदेडचे मुख्य गायक अशोक चव्हाण १२ फेब्रुवारी २०२४ला काँग्रेसमधून निघाले, १३ तारखेला भाजपमध्ये पोचले. वडील दोनदा मुख्यमंत्री, स्वतः मुख्यमंत्री, सगळी कारकीर्द काँग्रेसच्या सुरात गेलेली. प्रवेशाच्या मंचावर त्यांनी भाजपच्या आशिष शेलारांचा उल्लेख मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष असा केला आणि नवे सहकारी हसून बेजार झाले. नव्या बँडच्या पहिल्याच कार्यक्रमात जुन्या बँडचं गाणं तोंडातून निघणं, यात हसण्यासारखं काय? रियाज कुठं झाला होता!

प्रताप पाटील चिखलीकरांचं मात्र तसं नाही. २०१४ला शिवसेनेचे आमदार, २०१९ला भाजपचे खासदार, तेही अशोक चव्हाणांना पाडून. २०२४च्या लोकसभेला तेच चव्हाण त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि चिखलीकर पडले. नोव्हेंबरात ते घड्याळ लावून लोह्यातून पुन्हा आमदार झाले. दहा वर्षांत तीन बँड, आणि एकदाही तोंडातून चुकीचं गाणं नाही.

पण खरा कलाकार नांदेडचा श्रोता. मुख्य गायक निघून गेला, तरी त्यानं लोकसभेला काँग्रेसच्या वसंतराव चव्हाणांना निवडून दिलं. त्यांच्या निधनानंतर नोव्हेंबरात पोटनिवडणूक आली आणि पुत्र रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी जिंकले. त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर विधानसभेचंही मतदान होतं. जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा महायुतीनं नेल्या. लोकसभेखालचे सहाही मतदारसंघ त्यात आले. म्हणजे मतदारानं एका रांगेत उभं राहून, एकाच बोटाला शाई लावून, दोन बँडना दाद दिली. नाव कुणाचं, हे आयोग आमदार मोजून ठरवतो, लॅडीसाहेबांनी भागीदारी बघून ठरवलं. तिकीट काढणाऱ्याला दोघांनीही विचारलेलं नाही, आणि त्याला मत नसतं असा समज करून घेणाऱ्यानं नांदेडचा हा निकाल फ्रेम करून लावावा.

लातूरची तऱ्हा उलटी. सॅक्सनमध्ये माणसं बदलली, नाव राहिलं. लातुरात बँड बदलतो, आडनाव राहतं. निलंग्यात २००४ला भाजपच्या नातवानं काँग्रेसच्या माजी मुख्यमंत्री आजोबांना पाडलं, २००९ला आजोबांनी नातवाला पाडलं आणि २०१४ला नातवानं काकांना. तिन्ही वेळा निवडून आले निलंगेकरच. शिवराज पाटील चाकूरकर काँग्रेसकडून लातूरचे सलग सात वेळा खासदार. २००४ला त्यांना हरवलं भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकरांनी. २०२४ला चाकूरकरांच्या सूनबाई अर्चना पाटील भाजपमधून काँग्रेसच्या अमित देशमुखांविरुद्ध उभ्या राहिल्या आणि हरल्या. लातूरकर पोस्टरवर पक्ष वाचत नाही, वंशावळ वाचतो.

या सगळ्यांत प्रामाणिक कोण म्हणाल तर तमाशाचे फड. लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथं तमाशाला गर्दी करणारा प्रेक्षक पाटी आधी वाचतो. फडाच्या नावात ‘सह’ असतो. रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर: मुलगा कोण, आई कोण, फड कुठून आला, सगळं एका ओळीत. विठाबाई नारायणगावकर २००२ला गेल्या, पण वारस नाव चालवतात तेव्हा ते विठाबाईंचं म्हणून चालवतात. मूळ विठाबाई आपणच, असा दावा घेऊन कुणी दिल्लीला जात नाही. तंबूवर नाव कुणाचं आणि आत नाचणार कोण, हे तिकीट काढायच्या आधी कळतं.

तेव्हा आयोगाला नम्र सूचना. नाव-चिन्हाचे वाद पुरे झाले. मतपत्रिकेवर ‘सह’ आणा. उमेदवार, सह आधीचा पक्ष, सह त्याआधीचा, सह ज्याच्या विरुद्ध मागच्या वेळी लढला ते आताचे नेते. अडचण फक्त जागेची आहे. एका मतदान यंत्रावर ‘नोटा’ धरून सोळा नावं बसतात. नांदेडात दर उमेदवाराला एक यंत्र लागेल.